पैसा आला की तब्येत सुधारते का? सातारा-सांगलीचा हिशोब बघा

मिरज जंक्शनला उतरणाऱ्या गर्दीत एक गट कायम दिसतो. हातात फायली, एक्स-रेच्या मोठ्या पिशव्या, सोबत जेवणाचा डबा. कुणी जतवरून आलेलं असतं, कुणी कोकणातनं, कुणी पार कर्नाटकातनं. 'मिरजेला दाखवू' हे वाक्य या भागातल्या तीन-चार पिढ्यांनी ऐकलेलं आहे.

आता याच जिल्ह्याचा दुसरा आकडा बघा. २०११ च्या जनगणनेत सांगली जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुली होत्या ८६७. राज्याची सरासरी होती ८९४. आणि ज्या गडचिरोलीला आपण मागास म्हणतो, तिथं हाच आकडा ९६१ होता.

एका बाजूला दवाखान्यांचं गाव, साखर कारखाने, द्राक्षं, हळद. दुसऱ्या बाजूला हा आकडा. मग पैशाचा आणि आरोग्याचा नेमका संबंध काय? पैसा आला की लोक निरोगी होतात, की लोक निरोगी असले की पैसा येतो? अर्थशास्त्रज्ञ गेली पन्नास वर्षं श्रीमंत देशांचे आकडे घेऊन यावर भांडतायत. त्यांची उत्तरं काय आहेत आणि ती सातारा-सांगलीला कितपत लागू पडतात, तेच समजून घेऊ.

आधी थोडी थिअरी

१९७५ साली सॅम्युअल प्रेस्टन नावाच्या अमेरिकन लोकसंख्याशास्त्रज्ञानं एक साधा आलेख काढला. आडव्या रेषेवर देशाचं दरडोई उत्पन्न, उभ्या रेषेवर सरासरी आयुर्मान. त्यातनं जी वक्र रेषा तयार झाली तिला आज 'प्रेस्टन कर्व्ह' म्हणतात.

ही रेषा सुरुवातीला सरळ वर चढते. म्हणजे गरीब देशात थोडा जरी पैसा वाढला तरी आयुष्य भराभर वाढतं. पोटभर अन्न, स्वच्छ पाणी, लस, एवढ्यानंच खूप फरक पडतो. पण एका टप्प्यानंतर रेषा आडवी होत जाते. उत्पन्न दुप्पट झालं तरी आयुष्य थोडंच वाढतं.

प्रेस्टनची दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची होती. १९३० ते १९६० च्या दशकांत जगाचं आयुर्मान जेवढं वाढलं, त्यातला फक्त १० ते २५ टक्के हिस्सा उत्पन्नवाढीमुळं होता, असा त्याचा हिशोब निघाला. बाकीचं श्रेय लसी, औषधं, डासनिर्मूलन, सांडपाण्याची सोय आणि लोकांना मिळालेली माहिती अशा गोष्टींचं होतं.

आता उलटी बाजू. नोबेल मिळवलेले अर्थतज्ज्ञ रॉबर्ट फोगेल यांनी ब्रिटनचा दोनशे वर्षांचा इतिहास तपासला. १७९० ते १९८० या काळात ब्रिटनचं दरडोई उत्पन्न जेवढं वाढलं, त्यातला सुमारे ३० टक्के वाटा लोकांना नीट खायला मिळू लागल्याचा होता, असं त्यांनी मांडलं. अर्धपोटी माणूस दिवसभर काम करूच शकत नव्हता. अंगात ताकद आल्यावर तो कामाला आला आणि देश श्रीमंत झाला.

म्हणजे रस्ता दोन्ही बाजूंनी चालू आहे. पैशातनं आरोग्य येतं आणि आरोग्यातनं पैसाही येतो. पण दोन्ही बाजूंची वाहतूक सारखी नाही, आणि खरी गंमत तिथंच आहे.

आरोग्य गेलं की काय होतं, हे या मातीनं बघितलंय

सातारा आणि सांगली हे पूर्वी वेगळे जिल्हे नव्हते. आजच्या सांगलीचा मोठा भाग जुन्या सातारा जिल्ह्यातच होता. १९४९ ला सांगली, मिरज अशी संस्थानं जोडून 'दक्षिण सातारा' जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली ठेवलं गेलं.

या जुन्या सातारा जिल्ह्याची लोकसंख्या १८९१ ला सव्वाबारा लाखांच्या आसपास होती. १९०१ ला ती साडेअकरा लाखांच्याही खाली आली. दहा वर्षांत लोकसंख्या वाढायच्या ऐवजी कमी झाली.

कारणं दोन. १८९६ ला मुंबईत प्लेग आला आणि तो माणसांबरोबर देशावर पसरला. त्याच दशकात १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ पडले. घरात उंदीर पडला की आख्खं गाव माळावर झोपड्या टाकून राहायला जायचं. बाजार बंद, पेठा बंद, शेतात माणूस नाही. रोगानं अर्थव्यवस्था कशी बसते, हे समजायला तेव्हा कुठल्या आलेखाची गरज नव्हती.

पुढं याच भागातल्या एका संस्थानिकानं आरोग्याला राज्याचं भांडवल मानलं. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी. औंध आज साताऱ्यात येतं, त्यांच्या संस्थानातलं कुंडल आणि आटपाडी सांगलीत. राजांनी संस्थानातल्या शाळांमध्ये सूर्यनमस्कार सुरू केले, त्यावर पुस्तकं लिहिली, स्वतः रोज घातले. याच संस्थानात कुंडलजवळच्या माळावर १९१० ला किर्लोस्करवाडी उभी राहिली. संस्थान लहान होतं, तिजोरीही लहान होती. पण काम करणारं निरोगी शरीर ही संपत्ती आहे, हा विचार तिथं पक्का होता.

मिरजेत आरोग्य हाच धंदा झाला

कॅनडातनं आलेले मिशनरी डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत हॉस्पिटल सुरू केलं. मिरज रेल्वेचं जंक्शन होतं, त्यामुळं लांबलांबचे पेशंट तिथं पोचू शकत होते. क्षयरोगावर औषध नव्हतं त्या काळात जवळच सॅनिटोरियम झालं. त्या भागाला आजही वॉनलेसवाडी म्हणतात. १९६२ ला मिरजेत सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं. कराडला १९८४ मध्ये कृष्णा मेडिकल कॉलेज सुरू झालं.

एका हॉस्पिटलभोवती डॉक्टर, नर्स, लॅब, औषधांची दुकानं, लॉज, खानावळी, रिक्षा असं सगळं गाव उभं राहिलं. आरोग्यामुळं पैसा येतो, याचं हे सरळ उदाहरण.

पण इथं एक बारीक फरक लक्षात ठेवा. दवाखाने भरपूर असणं आणि लोक निरोगी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऑपरेशन झालं की जीडीपी वाढतो. ऑपरेशनची वेळच आली नाही, तर जीडीपीत काहीच दिसत नाही. सांगलीत शेरीनाल्यातनं शहराचं सांडपाणी कृष्णेत जातं, हा प्रश्न कित्येक निवडणुका जुना आहे. गॅस्ट्रोची, काविळीची साथ आली तर दवाखान्याचं बिल वाढेल आणि कागदावर अर्थव्यवस्थाही वाढेल. नाला आधीच अडवला, तर कागदावर फक्त सरकारी खर्च दिसेल.

पैसा आला, आणि त्यानं काय विकत घेतलं?

१९५० च्या दशकाच्या अखेरीपासून कृष्णाकाठानं साखरेचा पैसा बघितला. सांगली, साखराळे, रेठरे बुद्रुक, कुंडल अशा गावांची नावं कारखान्यांमुळं राज्यभर गेली. पाण्याच्या पाळ्या आल्या, पक्की घरं आली, पोरं इंजिनिअर झाली. बाळंतपण घरातनं दवाखान्यात गेलं, लहान मुलांचे मृत्यू कमी झाले. प्रेस्टनच्या रेषेचा पहिला, चढता भाग तो हाच.

पण पैशानं सोनोग्राफीही आणली. मशिन वाईट नसतं, ती आईचा आणि बाळाचा जीव वाचवते. पण मुलगाच हवा ही इच्छा आधीच होती, आता तिला पैसे आणि तंत्रज्ञान दोन्ही मिळालं. २००१ च्या जनगणनेत सांगली जिल्ह्यात हजार मुलांमागे मुली फक्त ८५१ होत्या. शेजारच्या कोल्हापुरात त्याहूनही कमी, ८३९. दुष्काळी पट्ट्याला नाही, राज्यातल्या सधन समजल्या जाणाऱ्या पट्ट्याला हा आकडा लागला.

कायदा नव्हता असंही नाही. गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशात सगळ्यात आधी, १९८८ मध्ये, महाराष्ट्रानं कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. तरी मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला ओढ्याकाठी १९ भ्रूण पुरलेले सापडले. बेकायदा गर्भपातात एका तरुण विवाहितेचा जीव गेला आणि त्या तपासातनं हे प्रकरण उघड झालं.

२०११ ला आकडा ८५१ वरनं ८६७ वर आला. सुधारणा आहे, पण राज्याच्या सरासरीपासून अजून लांब. उत्पन्नाचा दाखला बघून हा आकडा कळत नाही. पैसा आहे तेच जास्त वेगानं करायला मदत करतो. चांगली सवय असेल तर चांगली, वाईट असेल तर वाईट.

अमेरिकेचंही असंच झालंय

हे फक्त आपल्याकडंच होतं असं वाटत असेल तर अमेरिकेकडं बघा. हा देश आपल्या जीडीपीच्या सुमारे १७ टक्के रक्कम आरोग्यावर खर्च करतो. श्रीमंत देशांत एवढा खर्च दुसरं कुणी करत नाही. तरी तिथलं सरासरी आयुर्मान २०१९ ला ७८.८ वर्षं होतं आणि कोविडच्या काळात, २०२१ ला, ते ७६.४ पर्यंत घसरलं.

जपान जीडीपीच्या साधारण ११ टक्के खर्च करतो आणि तिथलं आयुर्मान ८४ च्या आसपास आहे. जपाननं १९६१ मध्येच सगळ्या नागरिकांना आरोग्य विम्याखाली आणलं. तेव्हा तो आजच्याएवढा श्रीमंत नव्हता. तिथं पक्षाघातानं खूप माणसं मरायची. गावोगाव बीपी तपासणं आणि जेवणातलं मीठ कमी करणं, या दोन साध्या गोष्टींवर त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं.

अमेरिकेत कोविडच्या आधीपासूनच काहीतरी बिघडलं होतं. ॲन केस आणि अँगस डीटन या दोन अर्थतज्ज्ञांनी २०१५ मध्ये दाखवलं की मध्यमवयीन गोऱ्या अमेरिकन लोकांचा मृत्युदर वाढतोय. नशा, दारूमुळं खराब झालेलं लिव्हर आणि आत्महत्या ही कारणं. देशाचा जीडीपी वाढत होता, पण कारखाने बंद पडलेल्या गावांतली माणसं मरत होती.

ब्रिटनमधला एक अभ्यास तर आणखी विचार करायला लावतो. १९६७ पासून लंडनच्या सरकारी नोकरांचा अभ्यास झाला. त्याला 'व्हाइटहॉल स्टडी' म्हणतात. सगळ्यांना पक्की नोकरी, सगळ्यांना सरकारी उपचार. तरी सगळ्यात खालच्या पदावरच्या लोकांचा मृत्युदर सगळ्यात वरच्यांच्या सुमारे तिप्पट निघाला. म्हणजे श्रीमंत देशात फक्त खिशात किती आहे एवढ्यानं भागत नाही. तुमचा कामावर किती ताबा आहे, उद्याची किती काळजी आहे, तुम्ही उतरंडीत कुठं आहात, यानंही आयुष्य कमी-जास्त होतं.

आपल्याकडं डायबेटिसचं तसंच व्हायला लागलंय. २०२३ मध्ये आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीचे आकडे आले. देशात सुमारे १० कोटी लोकांना शुगर आहे. पूर्वी हा शेठजींचा आजार समजला जायचा. पण याच पाहणीच्या २०१७ च्या अहवालात दिसलं की सधन राज्यांच्या शहरी भागात तो आता गरिबांमध्ये जास्त आहे. पैसेवाला जिमला जातो, तपासण्या करतो. ज्याला वेळ नाही आणि भाजीही महाग, त्याच्या वाट्याला चहा, वडापाव आणि गोळ्या.

मग आरोग्य सुधारलं की जीडीपी वाढतोच का?

इथं प्रामाणिकपणे सांगायचं तर तज्ज्ञांचं एकमत नाही. डॅरन असेमोग्लू आणि सायमन जॉन्सन यांनी २००७ मध्ये दाखवलं की १९४० नंतर अँटिबायोटिक्स, लसी आणि डीडीटी आल्यामुळं अनेक देशांत आयुष्य वाढलं, पण त्यामुळं दरडोई उत्पन्न वाढल्याचं दिसत नाही. कारण लोकसंख्याही वाढली आणि तेवढ्याच जमिनीवर जास्त माणसं आली. दुसऱ्या तज्ज्ञांनी या निष्कर्षावर आक्षेप घेतले. वाद अजून चालू आहे.

ख्रिस्तोफर रूम यांचा २००० सालचा अभ्यास तर उलटंच सांगतो. अमेरिकेत मंदी आली की मृत्युदर थोडा कमी होतो आणि तेजीत वाढतो. तेजीत रस्त्यावर गाड्या जास्त, ओव्हरटाइम जास्त, झोप कमी. गाळप हंगामात उसाच्या डबल ट्रॉल्या रात्री रस्त्यावर उतरल्यावर काय होतं, ते कराड-इस्लामपूरकडच्या लोकांना सांगायला नको.

पण एका गोष्टीवर फारसा वाद नाही. कामाच्या वयातली माणसं आजारी पडली की अर्थव्यवस्था थांबते, देश कितीही श्रीमंत असो. ब्रिटनमध्ये आज २८ लाखांच्या आसपास लोक दीर्घ आजारपणामुळं नोकरीही करत नाहीत आणि शोधतही नाहीत. कोविडच्या आधी हा आकडा साधारण २१ लाख होता. माणसं आहेत, कामं आहेत, पण तब्येत नाही. त्यामुळं तिथं आरोग्य हा आता अर्थखात्याचाही प्रश्न झालाय.

सांगलीनं हे दोनदा बघितलं. मार्च २०२० मध्ये इस्लामपुरात एकाच कुटुंबाच्या संपर्कातले वीसहून जास्त रुग्ण सापडले आणि आख्खं शहर बंद झालं. त्या एप्रिल ते जून तिमाहीत देशाचा जीडीपी पहिल्या अंदाजानुसार २३.९ टक्क्यांनी आपटला.

त्याआधी एचआयव्ही. १९९० च्या दशकात सांगली हा राज्यातल्या जास्त लागण असलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. १९९२ मध्ये इथं 'संग्राम' संस्थेनं काम सुरू केलं. हा आजार म्हाताऱ्यांना आणि पोरांना सोडून नेमका कमावत्या माणसाला गाठायचा. घरातला कर्ता गेला की जमीन विकली जायची, पोरांची शाळा सुटायची. २००४ पासून सरकारी दवाखान्यात एआरटीची औषधं मोफत मिळायला लागली. जे अंथरुणाला खिळले होते ते परत कामाला लागले. आरोग्यावरचा सरकारी खर्च हा खर्च आहे की गुंतवणूक, याचं उत्तर त्या घरांना विचारा.

हिशोबाची वही कुणाची?

आता सगळ्यात अवघड मुद्दा. सातारा-सांगलीच्या साखरेचा हिशोब मांडताना एक पान नेहमी गळतं.

दिवाळीच्या आगेमागे बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतनं ऊसतोड मजुरांच्या टोळ्या इकडं येतात. मुकादम उचल देतो ती 'कोयत्या'ला. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको, दोघं मिळून. कामाला एक दिवस दांडी झाली तर 'खाडा' म्हणून पैसे कापले जातात. फडाशेजारी कोप्या घालून राहायचं. संडास नाही, पाणी लांब. पाळीच्या दिवसांत सुट्टी घेतली तर खाडा पडतो. अंगावर दुखणं काढायचं, आणि ते वाढलं की गर्भपिशवीच काढून टाकायची.

२०१९ मध्ये राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या १३ हजारांहून जास्त बायकांची गर्भाशयं काढलेली होती. म्हणजे साधारण सहात एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये देशाचं प्रमाण ३.२ टक्के होतं.

साखर इथं मोजली जाते, आजारपण बीडमध्ये. गाळपाचा आकडा सांगली-साताऱ्याच्या उत्पन्नात चढतो, गेलेलं शरीर दुसऱ्या जिल्ह्याच्या खात्यावर पडतं. सधन भागाची वाढ आणि आरोग्य यांचा संबंध तपासताना कामगार कुठनं आला आणि कसा परत गेला, हे बघितल्याशिवाय हिशोब पुरा होत नाही. श्रीमंत देशांचंही तेच आहे. तिथले कपडे आणि मोबाईल ज्या देशांत बनतात, तिथल्या आजारपणाची नोंद त्यांच्या जीडीपीत नसते.

मग बघायचं काय?

हिशोब साधा आहे. गरिबीत पैसा आयुष्य वाढवतो. सुबत्ता आल्यावर पैसा आपोआप काही करत नाही, तो कशावर खर्च होतो त्यावर सगळं ठरतं. आणि आरोग्य बिघडलं की मात्र पैसा नक्की जातो.

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानं २०२५ पर्यंत सरकारी आरोग्य खर्च जीडीपीच्या २.५ टक्क्यांवर न्यायचं ठरवलं होतं. २०२१-२२ ला तो १.८४ टक्के होता. त्याच वर्षी देशातल्या एकूण आरोग्य खर्चातले ३९.४ टक्के लोकांनी स्वतःच्या खिशातनं भरले. २०१३-१४ ला हे प्रमाण ६४.२ टक्के होतं, म्हणजे सुधारणा मोठी आहे. पण आजही शंभरातले जवळजवळ चाळीस रुपये पेशंटच्या घरातनं जातात. ते कुठनं येतात? सोनं गहाण ठेवून, गाय विकून, पाहुण्यांकडनं हातउसने घेऊन.

त्यामुळं आपला जिल्हा प्रगत झाला का, हे विचारताना कारखान्यानं किती टन गाळप केलं आणि उसाला काय दर दिला, एवढ्यावर थांबू नका. आणखी चार प्रश्न विचारा. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर बसतो का? नदीत काय सोडलं जातं? हजार मुलांमागे मुली किती? आणि तोडणीला आलेली बाई एप्रिलमध्ये गावी परतताना कशी परतली?